शिळं पाणी

इंदूबाईच्या घरात शिळी भाकर चालायची, शिळं वरण चालायचं, शिळं पाणी मात्र चालत नसे. सकाळी उठलं की पहिलं काम माठ उपडा करायचा. अर्धा भरलेला असो की पाऊण, सगळं पाणी अंगणातल्या कडुलिंबाला जायचं आणि विहिरीवरून ताजी घागर यायची. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला तरी तिचा नेम मोडला नाही. मी एकदा शहाणपणानं म्हटलं, "अहो इंदूबाई, रात्रीचं पाणी प्यायल्यानं कोणी मरत नाही."

"मरत नाई बाई," ती म्हणाली. "त्याच्यावरच तं जगली मी."

तिचं बालपण दारव्ह्याकडच्या एका खेड्यात गेलं. गावच्या विहिरीला तिच्या लोकांनी हात लावायचा नाही. ती काठापासून दहा पावलं दूर घागर घेऊन उभी राहायची, आणि पाणी भरायला आलेल्यांपैकी एखादीला दया आली तर वरून हिच्या घागरीत धार पडायची. पण तीही ताज्या पाण्याची नाही. बाया कालचं उरलेलं पाणी घरून तसंच घेऊन यायच्या, आधी ते हिच्या घागरीत रिकामं करायच्या, मग आपली घागर विसळून ताजी भरायच्या. घागरही रिकामी झाली आणि पुण्यही पदरी पडलं. लग्न होऊन वणीला येईपर्यंत इंदूबाई लोकांनी टाकलेलं कालचं पाणी प्यायली.

छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्या आल्या घरातले देव निर्गुडा नदीत सोडले. पुढं दोन वर्षांनी त्यांच्या वस्तीत, पुऱ्यात, सरकारी विहीर झाली, आणि त्या दिवसापासून तिच्या घरातलं शिळं पाणी बंद झालं. मला तो नुसता हट्ट वाटायचा. माझं काय जात होतं, मी जन्मापासून ताजंच पीत आले होते.

बासष्ट साली मी वणीतल्या मुलींच्या एका शाळेत शिकवायला लागले, तेव्हा इंदूबाई तिथं शिपाई होती. वय पंचेचाळिशीचं, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, नोटीस फिरवायची, लहान पोरींची नाकं पुसायची, सगळं तिच्याकडं. एक काम तेवढं नव्हतं. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता, तो भरायला वेगळी बाई यायची. आमच्या मुख्याध्यापिका विमलताई म्हणायच्या, "इंदूला आधीच कामं किती! तिच्यावर आणखी भार नको." आठ वर्गांचा केर काढायचा भार नव्हता, रांजणाचा तेवढा होता.

विमलताई वाईट होत्या असं कोणी समजू नये. खादी नेसायच्या. इंदूबाईला नोकरी त्यांनीच दिली, तीही संस्थेतल्या चार वजनदार माणसांशी भांडून. चौदा एप्रिलला समतेवर बोलताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. शिवाय मी त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहत होते, त्यांच्याच पंगतीला जेवत होते. माझं तोंड आधीच बंद झालेलं होतं.

त्रेसष्टच्या जानेवारीत खाणीवरच्या एका बंगाली साहेबाची बदली झाली. त्याची मुलगी आमच्या शाळेत होती. जाताना तो विमलताईंना एक काचेची बरणी देऊन गेला. बरणीत एकच मासा, कलकत्त्याहून आणलेला. त्याला फायटर म्हणतात. दोन मासे एकत्र ठेवले की एकमेकांचा जीव घेतात, म्हणून एकटा. बोटाएवढं अंग आणि त्याभोवती लाल-निळ्या परांचा घोळ. विमलताईंनी त्याचं नाव माणिक ठेवलं. इंदूबाई त्याला नवरदेव म्हणायची, कारण एवढासा जीव आणि अंगापेक्षा शेला मोठा.

विमलताई पक्क्या शाकाहारी, आणि माणिकला रोज जिवंत खाणं लागायचं. ते काम न सांगता इंदूबाईकडं आलं. शाळेमागच्या हौदातल्या डासांच्या अळ्या ती फडक्यानं गाळून आणायची आणि विमलताईंच्या ओसरीवर बसून एकेक करून बरणीत सोडायची. पाणी मात्र दर रविवारी विमलताई स्वतः बदलायच्या. अळ्या इंदूच्या हातच्या, पाणी ताईंच्या हातचं. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती. आपल्याकडं असलं काही ठरवावं लागत नाही.

ऑगस्टात विमलताईंच्या आईचं नागपूरला दुखणं निघालं. तीन आठवडे तरी जावं लागणार होतं. माशाचं काय करायचं? मला त्या अळ्या बघूनच मळमळायचं. मग इंदूबाईनंच नेऊन ठेवावा असं ठरलं. त्याच सुमारास रांजण भरणारी बाई दसऱ्यानंतर काम सोडून लेकीकडं महागावला जाणार असल्याचं कळलं होतं. विमलताई टांग्यात बसता बसता थांबल्या, इंदूबाईकडं वळून म्हणाल्या, "इंदू, माझा माणिक सांभाळ हो. मी येईपर्यंत तो असाच राहिला ना, तर दसऱ्यापासून शाळेचा रांजण तुझ्याच हाती. दिला शब्द."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

इंदूबाईनं बरणी छातीशी धरली आणि मागच्या बोळातून न जाता भर बाजारातून चालत घरी नेली. त्या घरातून तिच्या घरात आलेली ती पहिली वस्तू. दुसऱ्या दिवशी शाळेत मला म्हणाली, "दीडशे पोरी माह्या हातचं पेतीन, बाई. ताजं देईन मी त्याह्यले. रोजचं रोज ताजं."

आणि सुरुवात तिनं पाहुण्यापासून केली. मोठ्या बाई आठवड्यातून एकदाच पाणी बदलतात हे तिला ठाऊक होतं. पण आपल्या घरी आलेल्या जिवानं कालच्या पाण्यात राहायचं ही कल्पना तिला सोसेना. "पाहुणा हाय ना थो! माह्या घरी शिळ्यात राहीन काय?" रोज सकाळी आपला माठ भरायच्या आधी ती नवरदेवाचं पाणी बदलायची. आठवडाभर त्यानं काही बिघडलं नाही.

मग खाणीकडच्या वस्तीत पटकीचे रोगी निघाले आणि नगरपालिकेचा माणूस पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन विहिरीविहिरीवर फिरू लागला. रोज सकाळी प्रत्येक विहिरीत पावडर. पाण्याला नाकात झोंबणारा वास यायचा, चहासुद्धा कडवट लागायचा. आम्ही कुरकुरत होतो, इंदूबाई मात्र खूश होती. "आमच्याही इहिरीत टाकते बाई. तुमच्या इहिरीत जेवढी, तेवढीच!"

चौथ्या दिवशी ती मधल्या सुटीत माझ्याकडं आली. चेहरा उतरला होता. "लहान्या बाई, घरी येऊन पाहा जरा. नवरदेव खाऊन नाई राह्यला."

शाळा सुटल्यावर गेले. बरणी तिनं खिडकीशी, चुलीच्या धुरापासून लांब ठेवली होती, वर ओलं फडकं. मासा वर तोंड काढून हवा गिळत होता. पर मिटून अंगाला चिकटले होते आणि लाल रंग धुतलेल्या लुगड्यासारखा विटला होता. अंगावर पांढरट बुळबुळीत साय. काल टाकलेल्या अळ्या तशाच वळवळत होत्या. इंदूबाई म्हणाली, "पाण्यात काही घाण असन मनून दिवसातून तीन खेपा बदलून राह्यली मी. जितकं बदलतो तितका थो बसूनच जाते."

आम्हा दोघींनाही काही कळत नव्हतं. मी चार बुकं शिकलेली, पण माशाच्या दुखण्यापुढं माझी पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी तो बुडाशी एका कुशीवर पडला. कल्ला हलत होता तेवढाच. इंदूबाईनं त्या दिवशी रजा टाकली. नोकरीतली ती तिची पहिली रजा. कोणीतरी सांगितलं की चांद्याच्या रस्त्यावर ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा मोहिउद्दीन तरुणपणी कलकत्त्याला होता, त्याला असले मासे माहीत असतील. संध्याकाळी बरणी घेऊन आम्ही दोघी त्याच्याकडं गेलो.

मोहिउद्दीनचे हात ॲसिडनं भाजून पांढरे पडलेले होते. त्यानं माशाकडं पाहिलंसुद्धा नाही, आधी बरणीला नाक लावून वास घेतला.

"काय पाजून राह्यली, बाई, याले?"

"ताजं पाणी, भाऊ. आत्ताच भरून आणलं."

"ताजंच तं जहर हाय! पावडर मारली हाय त्याच्यात. मी हे पाणी ब्याटरीत टाकत नाई, ब्याटरी मरून जाते. आन तू जित्या जिवाले त्याच्यात ठेवून राह्यली?" मग जरा नरमून म्हणाला, "कलकत्त्यात बाटलीबाटलीत ठेवते ह्या मच्छ्या. पाणी दोन-तीन दिवस उघडं ठेवाचं, वास उडू द्याचा. मंग थोडं थोडं बदलाचं, पुरं नाई. आन बदामाचं वाळलं पान टाकाचं आत. शिळं पाणी पायजे त्याले. शिळं."

तोंडावर कोणी मारल्यासारखी इंदूबाईनं मान मागं घेतली. मग म्हणाली, "दुसरं काई नाई काय, भाऊ? एखांदी दवा?"

"हेच दवा हाय," मोहिउद्दीन म्हणाला. बॅटऱ्यांसाठी तो टिनावरचं पावसाचं पाणी काचेच्या मोठ्या बाटल्यांत धरून ठेवायचा. महिन्याभराचं जुनं पाणी. त्यातलं एक डबडं भरून त्यानं तिच्या हातात दिलं.

पुऱ्याच्या वळणावर थांबून म्हणाली, "माह्या घरात, बाई? शिळं?"

मी म्हटलं, "अहो, मासाच तर आहे."

"मासा हाय मनूनच. त्याले बोलता नाई येत. आमालेबी कोठं येत होतं?"

पण घरी गेल्यावर तिनं मोहिउद्दीनचं पाणी बरणीत ओतलं. आपल्या हातानं ओतलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरात भिंतीशी एक वेगळी घागर दिसायला लागली, तोंडाला फडकं बांधलेली. तिच्यात विहिरीचं पाणी भरायचं आणि तीन दिवस निजवायचं. माठ पहिल्यासारखा रोज उपडा होई, ती घागर मात्र तशीच. भाकरी थापताना इंदूबाई मुद्दाम तिच्याकडं पाठ करून बसायची. शाळेच्या आवारातल्या बदामाची वाळकी पानं तिनं वेचून नेली. त्यांनी बरणीतलं पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं झालं.

तिसऱ्या दिवशी माशाचे पर सुटे झाले. पाचव्या दिवशी त्यानं एक अळी गिळली. इंदूबाई धावत शाळेत आली आणि वर्ग चालू असताना दारातून ओरडली, "खाल्ली, बाई, खाल्ली!" पोरींना वाटलं काय झालं काय हिला. आठवड्यानं लाली परत आली, आणि बरणीसमोर आरसा धरला की तो पूर्वीसारखा गळा फुगवून अंगावर यायला लागला. त्या दिवशी इंदूबाई रडली. म्हणाली, "मी जीव लावून मारून राह्यली होती त्याले, बाई. आन ज्याचा मले जल्मभर राग, त्यानंच जगवलं. कसं समजावं बाप्पा मानसानं?"

विमलताई परत आल्या त्या दिवशी रविवार होता. इंदूबाई बरणी घेऊन आली, पुन्हा बाजारातूनच. धुतलेलं पांढरं लुगडं नेसली होती. पायरीवर उभी राहून तिनं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. आणि शेवटी म्हणाली, "मोठ्या बाई, पाणी नका बदलू. इहिरीत पावडर हाय. शिळंच असू द्या."

"हो गं, कळलं," विमलताई म्हणाल्या. माणिककडं बघून त्यांचे डोळे पाणावले. "गुणाची आहेस, इंदू. रांजण तुझा बरं का."

इंदूबाई पायऱ्या उतरून गेली. तिची चाल त्या दिवशी वेगळी होती, मान ताठ.

ती फाटकाबाहेर गेल्यावर विमलताईंनी मला बरणी मोरीवर आणायला सांगितली. "काय हे पाणी, नुसता काढा झालाय!" असं म्हणून त्यांनी मासा घोटभर पाण्यासकट एका वाडग्यात काढला आणि बाकीचं पाणी मोरीत ओतून दिलं. मग बरणी राखेनं घासली आणि धुतली. पुन्हा राख घेतली, घासली, धुतली. दोनदापर्यंत ती स्वच्छता होती. त्यांनी तिसऱ्यांदा राख घेतली तेव्हा मी समजले. आमच्याही घरी महारवाड्याला लागून आलेल्या भांड्याला तीन राखा लागत. एक कमी नाही, एक जास्त नाही. खादी नेसलेली ती बाई मान खाली घालून तिसरी राख लावत होती. आपण काय करतो आहोत हे तिला स्वतःला तरी कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"कळशी घे आणि ओत गं," त्या म्हणाल्या. कळशी सकाळीच भरलेली. पावडरीचा वास मला उभ्यानं येत होता.

"ताई, इंदूबाई म्हणाली की पाणी—"

"अगं, तिला काय कळतंय! ओत."

मी ओतलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत माणिक पोट वर करून तरंगत होता.

दुसऱ्या दिवशी विमलताईंनी इंदूबाईला ऑफिसात बोलावलं. मी तिथं हजेरीपट भरत होते. विमलताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उदास आवाजात म्हणाल्या, "तुला दोष देत नाही, इंदू. पण तुझ्याकडं असतानाच तो आतून खंगला होता. तूच सांग, एक मासा सांभाळणं झालं नाही, तर या पटकीच्या दिवसांत दीडशे मुलींचं पाणी तुझ्यावर कसं सोपवू?"

इंदूबाई "हो बाई" म्हणाली. आणखी काय म्हणणार? मी हजेरीपटातून डोकं वर काढलं नाही. दसऱ्यानंतर रांजण भरायला दुसरी बाई आली. इंदूबाई पुढं बारा वर्षं त्या शाळेत घंटा देत राहिली. तहान लागली की घरी जाऊन पाणी पिऊन यायची.

पण हे नंतरचं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घंटेखाली माझी वाट बघत उभी होती. पोरी निघून गेल्या तेव्हा जवळ आली.

"लहान्या बाई, तुम्ही तं तेथंच होत्या. एकच सांगा. मोठ्या बाईनं पाणी बदललं काय?"

विमलताईंच्या घरात माझी खोली होती, त्यांच्या सहीवर माझी नोकरी होती. हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. खरं कारण एवढंच की पाणी त्यांनी नाही, मी ओतलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

इंदूबाईनं घंटेचा हातोडा खुंटीला अडकवला आणि पदरानं हात पुसले.

"मंग माह्याच हातचं पाणी लागलं त्याले," ती म्हणाली.